कोड गिटहबवर टाकलाय, आता लायसन्स कुठलं लावायचं?

दोनेक वर्षांपूर्वी मी पायथनमधे एक छोटी लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रॅममधे घालून वापरायचा तयार कोड) लिहिली, जुन्या फॉन्टांतला मराठी मजकूर युनिकोडमधे आणणारी. शिवाजी, कृतिदेव असल्या फॉन्टांतल्या फायली ज्यांनी हाताळल्यात त्यांना माहितीये, फॉन्ट काढला की उरतात नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली, रफार अक्षराच्या नंतर, सगळं उचलून जागेवर बसवावं लागतं. चालायला लागली तशी गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, पब्लिक करून टाकली, म्हटलं कुणाला लागली तर वापरतील. चार-पाच महिन्यांनी एका साप्ताहिकातून मेल आली, की आमचे पंधरा वर्षांचे अंक जुन्या फॉन्टात अडकलेत, तुमची लायब्ररी बरोबर काम करते, पण आमचा डेव्हलपर म्हणतो हिला लायसन्सच नाही, हात लावायचा नाही, तर काय करू?

त्यांच्या डेव्हलपरचं शंभर टक्के बरोबर होतं. मी खुशाल वापरा म्हणून टाकलेली गोष्ट कायद्याने कुणालाच वापरता येत नव्हती. तेव्हापासून हा विषय मी नीट वाचून काढला, आणि आता कुणी विचारलं की जे सांगतो ते इथे एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. मी वकील नाही, मोठ्या पैशाचा प्रश्न असेल तर वकिलाला दाखवाच, पण आपल्यासारख्या रात्री-रविवारी कोड लिहिणाऱ्यांचं बहुतेक काम एवढ्यात भागतं.

आधी हे समजून घ्या की लायसन्स न लावणं म्हणजे "सगळ्यांसाठी मोकळं" नाही, बरोबर उलट आहे. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम हा साहित्यकृतीत मोडतो, म्हणजे कथा-कादंबरीला जे संरक्षण तेच कोडला, आणि ते मिळायला कुठे नोंदणी करावी लागत नाही, लिहिलं की लागू, लिहिणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. पब्लिक रिपो (प्रोजेक्टचं फोल्डर) केलात तर गिटहबच्या नियमांप्रमाणे लोक तो बघू शकतात, गिटहबच्या आतच फोर्क, म्हणजे स्वतःची कॉपी, करू शकतात, बस. आपल्या प्रॉडक्टमधे घालणं, बदलून पुढे देणं, याची परवानगी त्यातून मिळत नाही, ती तुम्हीच द्यायची असते आणि ती देणारा कागद म्हणजे लायसन्स.

कुठलं लायसन्स हे नंतर, आधी कोड तुमचा आहे का ते बघा

लोक थेट एमआयटी की जीपीएल (दोन गाजलेली लायसन्सेस) इथून सुरुवात करतात, पण जे आपलं नाही ते आपण कुणाला कसं देणार? नोकरी करत असाल तर अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा, खरंच काढा. कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडची पहिली मालक कंपनी असते, वेगळा करार नसेल तर. वर बऱ्याच कंपन्यांच्या लेटरमधे याहून रुंद कलम असतं, घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिलेलंसुद्धा आमचं, असं म्हणणारं. तसं असेल तर मॅनेजरला आणि एचआरला साधी मेल टाका, अमुक प्रोजेक्ट मी वैयक्तिक वेळेत करतोय, कंपनीच्या कामाशी संबंध नाही, ओपन सोर्स (सगळ्यांना वापरायला, बदलायला खुला) करायचाय, हरकत नाही ना? आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी "हो रे, कर की" वर राहू नका, मॅनेजर बदलतो, मेल राहते. फ्रीलान्स काम असेल तर क्लायंटशी केलेला करार बघा, कॉलेजचा प्रोजेक्ट असेल तर कॉलेजचे नियम.

मग इकडून तिकडून उचललेले तुकडे. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरून घेतलेला कोड आपोआप फुकट नसतो, तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एसए लायसन्सखाली असतो, म्हणजे नाव द्या आणि त्याच अटींवर पुढे द्या. दोन ओळींचं काही नाही, पण अख्खं फंक्शन उचललं असेल तर ते स्वतःच्या पद्धतीने पुन्हा लिहून काढा, अर्ध्या तासाचं काम असतं.

आणि डिपेंडन्सी, म्हणजे तुमचा कोड दुसऱ्यांच्या ज्या लायब्ररींवर चालतो त्या. हे सगळ्यात जास्त सुटतं. पायथनमधे पिप-लायसन्सेस नावाचं टूल आहे, नोडमधे लायसन्स-चेकर, गोमधे गो-लायसन्सेस, रस्टमधे कार्गो-डेनी, चालवा आणि यादी डोळ्याखालून घाला. माझंच उदाहरण देतो. लायब्ररीच्या जोडीला मी एक खिडकीवालं छोटं टूल पण केलं होतं, फाइल ओढून टाका, युनिकोड होऊन बाहेर. ती खिडकी पायक्यूटी वापरून केलेली, आणि पायक्यूटी एकतर जीपीएल ३ खाली मिळतं नाहीतर पैसे भरून कमर्शियल लायसन्सखाली. मी पैसे भरलेले नाहीत, म्हणजे ते टूल मी लोकांना वाटणार असेन तर अख्खं टूल जीपीएलच्या अटींवर, सोर्ससकट, द्यायला लागणार, मला आवडो न आवडो. ते नको असतं तर पायसाइडवर जायचा रस्ता होता, ते एलजीपीएल या जरा सैल लायसन्सखालीही मिळतं. मला जीपीएल चालणार होतं म्हणून राहिलो. पण हे रिलीजच्या आदल्या रात्री कळण्यापेक्षा पहिल्या आठवड्यात कळलेलं बरं.

आता निवड

शंभरावर लायसन्सेस आहेत, बघून घाबरायला होतं, पण खरा प्रश्न एकच आहे: उद्या एखाद्या कंपनीने तुमचा कोड घेतला, त्यात चांगले बदल केले, बंद प्रॉडक्टमधे घालून विकला आणि तुम्हाला बदलांतली एक ओळही परत दिली नाही, तर तुम्हाला वाईट वाटेल का? शांतपणे, स्वतःशी खरं बोलून उत्तर द्या. "अजिबात नाही, वापरलं हेच खूप" असेल तर एमआयटी, बीएसडी, अपाचे ही मोकळी घराणी. "हो, मला खटकेल" असेल तर जीपीएलचं घराणं. "माझ्या लायब्ररीतले बदल खुले ठेवा, बाकी तुमचं तुमच्याकडे" असं मधलं असेल तर एलजीपीएल किंवा एमपीएल. यात कुठलंच उत्तर कमी चांगलं नाही.

दुसरी गोष्ट, वस्तू काय आहे ते बघा, लायब्ररी की पूर्ण टूल. लायब्ररी दुसऱ्याच्या कोडच्या पोटात जाते, तिच्या अटी त्या दुसऱ्याच्या अख्ख्या प्रोग्रॅमला लागतात, म्हणून कडक लायसन्सची छोटी लायब्ररी लोक बाजूला ठेवतात आणि दुसरी शोधतात. टूल एकटं उभं असतं, ते चालवणाऱ्याच्या कोडला काही चिकटत नाही. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं उदाहरण यात मला फार आवडतं: त्यांचं फ्रापे फ्रेमवर्क, ज्यावर बाकीचे लोक आपापली ॲप्स बांधतात, ते एमआयटीखाली, आणि त्यावरच बांधलेलं इआरपीनेक्स्ट, जे कंपनीचा कारभार सांभाळणारं पूर्ण तयार प्रॉडक्ट आहे, ते जीपीएल ३ खाली. एकाच घरातल्या दोन वस्तूंना दोन लायसन्सेस, कारण दोघींचं काम वेगळं.

एमआयटी सगळ्यात छोटं, दोन मिनिटांत वाचून होतं, आणि अट एकच: कॉपीराइटची ओळ आणि हा मजकूर सोबत ठेवा. बाकी काहीही करा, विका, बदला, बंद करा, फक्त काही बिघडलं तर मला धरू नका. लोकांना वाटतं नाव ठेवणं म्हणजे नुसता शिष्टाचार, तसं नाहीये. अमेरिकेत २००८ साली एक केस झाली, खेळण्यातल्या, म्हणजे मॉडेल रेल्वे चालवायच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरची, दुसऱ्याने त्यातल्या फायली घेतल्या आणि मूळ लेखकांची नावं काढून टाकली. तिथल्या फेडरल सर्किट कोर्टाने सांगितलं की ओपन सोर्स लायसन्समधल्या अटी या खऱ्या अटी आहेत, त्या मोडल्या तर कॉपीराइटभंग होऊ शकतो, फुकट दिलंय म्हणून अटीला किंमत नाही असं नाही. लायसन्स वेगळं होतं, आर्टिस्टिक नावाचं, पण मुद्दा सगळ्यांना लागू पडतो.

अपाचे २.० हे २००४ पासूनचं, मोकळंच आहे पण वकिलांनी बारकाईने लिहिलेलं, आणि त्यातली मोठी गोष्ट म्हणजे पेटंट. जो कोड देतो तो त्या कोडला लागणाऱ्या स्वतःच्या पेटंटचीही परवानगी देतो, आणि तुम्ही त्याच कोडवरून पेटंटचा दावा ठोकलात तर तुमची पेटंट परवानगी गेली. एमआयटीत पेटंट हा शब्दच नाही. कंपन्या हे किती गांभीर्याने घेतात ते २०१७ मधे रिॲक्ट या वेबसाइट बांधायच्या लायब्ररीच्या वेळी दिसलं, फेसबुकने बीएसडीला स्वतःचं वेगळं पेटंट कलम जोडलं होतं, त्यावरून इतका गदारोळ झाला, अपाचे फाउंडेशनने (अपाचे लायसन्स काढणारी संस्था) आपल्या प्रोजेक्ट्सना मनाई केली, शेवटी त्या सप्टेंबरमधे रिॲक्ट एमआयटीवर आणावं लागलं. तर माझा सल्ला: दोनशे-चारशे ओळींचं असेल तर एमआयटी, कंपन्यांचे लोक कोड पाठवतील असं वाटत असेल किंवा व्हिडिओ कोडेक, क्रिप्टो, मशीन लर्निंग असल्या पेटंटांनी भरलेल्या भागातलं असेल तर अपाचे. एक खाच लक्षात ठेवा, अपाचे २.० चा कोड जीपीएल ३ मधे जातो पण फक्त जीपीएल २ वाल्या प्रोजेक्टमधे जात नाही.

जीपीएलबद्दल गैरसमज फार. जीपीएलचं सॉफ्टवेअर विकता येत नाही, खोटं, खुशाल विका, वर्डप्रेस जीपीएल आहे आणि त्याच्या प्लगिनांवर कितीतरी घरं चालतात. वापरलं की सगळा कोड जगाला दाखवावा लागतो, हेही खोटं, तुम्ही तुमच्या ऑफिसात बदलून वापरा, कुणी विचारणार नाही. अट लागते ती दुसऱ्याला प्रोग्रॅम देताना: ज्याला दिला त्याला सोर्सही मिळाला पाहिजे, त्याच हक्कांसकट. याचा फायदा काय होतो ते बघायचं तर लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी राउटर बघा. त्यात जीपीएलखालचं लिनक्स होतं, लोकांनी सोर्स मागितला, कंपनीला २००३ मधे तो द्यावा लागला, आणि त्या सोर्समधून ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं, जे आज असंख्य राउटरवर चालतं. एमआयटी असतं तर तो सोर्स मागायचा हक्कच कुणाला नव्हता. कुणाच्या तरी घरातलं यंत्र त्याचं त्याला दुरुस्त करता आलं पाहिजे, हे ज्याला मनापासून वाटतं त्याने न लाजता जीपीएल लावावं.

सर्व्हरवर चालणारं काही असेल तर जीपीएलला फट आहे, कारण वेबसाइटवरून वापरायला देणं म्हणजे प्रोग्रॅमची कॉपी देणं नाही. त्यासाठी एजीपीएल, बदललेलं व्हर्जन नेटवर्कवरून वापरायला दिलंत तर वापरणाऱ्यांना सोर्स द्या. सर्व्हरचे आलेख दाखवणारं ग्राफाना २०२१ मधे अपाचेवरून यावर गेलं. पण गूगलसारख्या कंपन्यांमधे एजीपीएलचा कोड आणायलाच बंदी आहे, म्हणून लायब्ररीला हे लावताना चारदा विचार करा. वेब ॲपला मात्र छान.

मधल्या घराण्यात एलजीपीएल आणि एमपीएल. एलजीपीएलची अट अशी की तुमची लायब्ररी वापरणाऱ्या प्रोग्रॅममधे ग्राहकाला ती लायब्ररी बदलून दुसरी बसवता आली पाहिजे. सी, सी प्लस प्लसमधे वेगळी डीएलएल (लायब्ररीची सुटी फाइल) असते तिथे सोपं, पण गो, रस्टमधे सगळं एकाच फाइलमधे भाजून निघतं, तिथे हे पाळणं त्रासाचं. अशा वेळी एमपीएल २.० बघा, फायरफॉक्सवाल्यांचं, हिशोब फाइलप्रमाणे: माझ्या फायलींत बदल केलात तर त्या फायली खुल्या करा, शेजारच्या तुमच्या फायली तुमच्या. मला वाटतं आपल्याकडे एमपीएल जितकं वापरलं जावं तितकं जात नाही.

हे लावू नका

स्वतःच्या मनाने अट जोडू नका. "धंद्यासाठी वापरू नये" ही ओळ तर फार जण घालतात, हेतू चांगला असतो, पण मग मला मेल करणारं ते साप्ताहिक धंदा की नाही? जाहिराती घेतं, अंक विकतं, म्हणजे धंदा, आणि मला तर त्यांनीच वापरायला हवं होतं. अशी अट असलेलं लायसन्स ओपन सोर्स म्हणवतही नाही. जेसन (डेटा लिहायची एक पद्धत) वाचणाऱ्या कोडच्या एका जुन्या लायसन्समधे "चांगल्यासाठी वापरा, वाईटासाठी नको" एवढीच जादा ओळ होती, तेवढ्यावरून अपाचेने २०१६ मधे तो कोड आपल्या प्रोजेक्टांत नको म्हटलं, कारण चांगलं-वाईट ठरवणार कोण.

क्रिएटिव्ह कॉमन्स कोडला लावू नका, ते लोक स्वतःच नको म्हणतात. पण कोड सोडून बाकीच्याला ते बरोबर आहे, डॉक्युमेंटेशनला सीसी बीवाय (नाव द्या, बाकी मोकळं), शब्दयादी किंवा मॅपिंगच्या तक्त्यांना (जुन्या फॉन्टातलं कुठलं चिन्ह म्हणजे युनिकोडमधलं कुठलं अक्षर) सीसी झिरो, म्हणजे कुठलीच अट नाही. फॉन्ट सोबत देत असाल तर त्याचं वेगळं असतं, ओपन फॉन्ट लायसन्स, ओएफएल. मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे मुक्त, बलू हे फॉन्ट याच लायसन्सखाली आहेत, तुमच्या ॲपमधे घाला, ॲप विका, फक्त फॉन्ट एकटा विकायचा नाही आणि त्याची लायसन्सची फाइल सोबत ठेवायची.

लावायचं कसं

हे पाच मिनिटांचं आहे. गिटहबवर रिपोच्या मुळात नवीन फाइल करा, नाव इंग्रजी कॅपिटलमधे लायसन्स असं टाइप केलं की बाजूला टेम्प्लेट निवडायचं बटण येतं, त्यातून घ्या. एमआयटीत वर्ष आणि नावाची जागा भरा, बरेच जण कंसातला नमुना तसाच सोडतात, भरा. जीपीएल आणि अपाचेच्या मजकुरात मात्र काही बदलू नका, तिथे तुमचं नाव प्रत्येक कोड फाइलच्या डोक्यावर जातं. फाइलच्या पहिल्या ओळीत एसपीडीएक्स आयडेंटिफायरची (लायसन्सचं ठरलेलं छोटं नाव) कमेंट टाका, एक ओळ असते, टूलना वाचता येते. जीपीएल घेतलं तर तिथेच ठरवावं लागतं, "ओन्ली" की "ऑर लेटर", म्हणजे हेच व्हर्जन की पुढची पण. मी "ऑर लेटर" घेतो, पुढच्या लोकांचे मार्ग बंद होत नाहीत, पण लिनक्स कर्नल फक्त २ वर आहे, तीही जाणूनबुजून केलेली निवड आहे. मग पॅकेज डॉट जेसन (नोड) किंवा पायप्रोजेक्ट डॉट टॉमल (पायथन) या प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमधे तेच नाव लिहा. रीडमीत एक ओळ. आणि तिन्हीकडे एकच नाव आहे ना ते तपासा, रीडमीत एमआयटी आणि फाइलमधे अपाचे असे रिपो मी पाहिलेत, वापरणाऱ्याने काय समजायचं?

हे सगळं पहिला बाहेरचा माणूस कोड पाठवायच्या आत करा. का, ते माझ्याकडे झालं तसं सांगतो. साप्ताहिकाची मेल आली तेव्हा माझ्या लायब्ररीत दोघांनी आधीच मॅपिंगचे तक्ते पाठवलेले होते. तो त्यांचा भाग, कॉपीराइट त्यांचा, मी एकट्याने त्यावर लायसन्स लावू शकत नव्हतो. दोघांना लिहिलं. एकाचं त्याच दिवशी उत्तर आलं, एमआयटी, सीसी झिरो, काहीही चालेल म्हणून, दुसऱ्याचं कधीच आलं नाही. त्याचा तक्ता मी काढला आणि फॉन्ट समोर उघडून, एकेक कळ दाबत, तो परत नव्याने बनवला, तीन रात्री गेल्या. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरवाल्यांना तर आपलं इंजिन जीपीएलवरून एलजीपीएलवर न्यायला वर्षानुवर्षांचे जुने लेखक शोधत फिरावं लागलं. म्हणून आता मी कोड घेताना डीसीओ मागतो, म्हणजे कमिटमधे (बदलाच्या नोंदीत) "साइन्ड-ऑफ-बाय" ची ओळ, गिट कमिटला मायनस एस लावलं की आपोआप येते, अर्थ एवढाच की हा कोड द्यायचा मला हक्क आहे आणि प्रोजेक्टच्या लायसन्सवर देतोय. लिनक्सवाले २००४ पासून हेच करतात. वेगळा सीएलए, म्हणजे कोड पाठवणाऱ्याशी केलेला करार, ज्यात बहुतेकदा लायसन्स बदलण्याइतके रुंद हक्क मालकाला मिळतात, तो छोट्या प्रोजेक्टला नको, त्यातूनच उद्या लायसन्स फिरवायचा मोह होतो. सर्व्हर उभे करायचं टूल टेराफॉर्म २०२३ मधे एमपीएलवरून बंद धाटणीच्या लायसन्सवर गेलं आणि महिन्याभरात लोकांनी जुन्या कोडवरून वेगळा फोर्क काढला, तोच आजचा ओपनटोफू. एकदा दिलेलं मागे घेता येत नाही, पुढचं व्हर्जन बदलता येतं फक्त, आणि माणसं ते विसरत नाहीत.

कुणी अट मोडली तर? आधी साधी, सभ्य मेल. बहुतेक वेळा माहीत नसतं हो, नाव राहिलं, सोर्सची लिंक राहिली. जीपीएल ३ मधे तर पहिल्यांदा चुकलेल्याने कळवल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केलं तर त्याचे हक्क परत मिळतात असं लिहूनच ठेवलंय.

शेवटी माझं असं ठरलं: लायब्ररी एमआयटी, खिडकीवालं टूल जीपीएल ३ ऑर लेटर, तक्ते सीसी झिरो. साप्ताहिकाला त्याच संध्याकाळी कळवलं. दोन आठवड्यांनी त्यांच्या त्याच डेव्हलपरचा पहिला पॅच आला, "सुऱ्या" आणि "सूर्या" मधला र माझी लायब्ररी एकच समजत होती ते त्याने दुरुस्त केलं होतं, खाली साइन्ड-ऑफची ओळ व्यवस्थित टाकलेली.